सात टोप्या वेल्सच्या, आठवी कराडची

प्रिय अमरीशराव,

तुमचं पार्सल आलंय!

नितीनच्या बँकेतले कुलकर्णी सुट्टीवरून इथे आखातात परतले, त्यांच्याबरोबर आईने कराडहून खाऊ पाठवलाय. आमच्यासाठी मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी. आणि एका वेगळ्या पिशवीत भाजणीच्या चकल्या, वर आईच्या ठसठशीत अक्षरात चिठ्ठी: ‘अमरीशराव यांस. मऊ पडायच्या आत द्यावे.’

आता तुम्हीच सांगा, कुणाला देऊ? तुम्हाला जाऊन महिना होत आला आणि मी आईला अजून सांगितलेलं नाही. आज शुक्रवार, क्लिनिकला सुट्टी. दुपारची झोप झाली की आई फोन करेल आणि ‘जेवलात का’ विचारायच्या आधी चकल्यांचं विचारेल. त्याच्या आत मला काहीतरी ठरवायचंय. घरात याबद्दल धड बोलता येईल असं कुणी नाही. नितीन म्हणतो, ‘तुझी आई आहे, तू सांग.’ सई म्हणते, ‘आजी इज नॉट अ बेबी, ममा.’ म्हटलं, त्यापेक्षा तुमच्याशीच बोलावं.

तुम्ही होतात तेव्हा मी तुम्हाला नुसतं एम्रिस म्हणायचे, कारण तुम्हाला तेच आवडायचं. पण मराठीत लिहायला बसले आणि वडिलांच्या वयाच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला पेन तयार होईना. म्हणून आईने ठेवलेलं नाव वापरतेय. तुम्हाला मराठी वाचता येत नाही हे खरं. पण आता तुम्ही जिथे आहात तिथे भाषेची अडचण नसावी. असलीच तर कुणीतरी साताऱ्या-कोल्हापूरचा भेटेल, त्याच्याकडून वाचून घ्या. आमची माणसं सगळीकडे असतात.

एम्रिस म्हणजे अमर, असं तुम्हीच एकदा सांगितलं होतंत. त्यावर आई म्हणाली होती, ‘मग मी काय येगळं म्हनतीया?’ आणि असं नाव असून चौऱ्याहत्तराव्या वर्षी गाशा गुंडाळलात! शोभलं का हे तुम्हाला?

आईला मी काय सांगितलंय माहीत आहे? ‘ते वेल्सला गेलेत.’ यात खोटं काय? तुमचा पुतण्या आला आणि तुम्हाला वेल्सलाच घेऊन गेला. ‘नरो वा कुंजरो वा’ म्हटल्यावर धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला म्हणतात. माझा रथ म्हणजे आमची जुनी गाडी. ती आधीच तुबलीच्या गॅरेजात टेकलेली आहे, त्यामुळे ती काळजी नाही. शिवाय खोटं बोलणं हा माझा धंदाच आहे. दात काढायच्या आधी ‘जरासं टोचेल हं’ असं मी रोज म्हणते, आणि तुम्ही एकटेच असे पेशंट होतात की त्यावर मोठ्याने हसायचात.

मनाम्यातल्या क्लिनिकमध्ये तुम्ही पहिल्यांदा आलात ते आठवतंय? रुमालात पुढचे चार खोटे दात गुंडाळून आणले होतेत. खुब्स खाताना मोडले म्हणालात. खुब्ससारखी मऊ रोटी खाताना दात मोडणारा माणूस मी त्याआधी बघितला नव्हता! मी विचारलं, ‘खरे कुठे गेले?’ तुम्ही खुर्चीत आरामात टेकलात आणि सांगितलंत, ‘दोन पॅरिसमध्ये, एक एडिंबरामध्ये, आणि चौथा माझ्या भावाच्या लग्नात. पण तो रग्बीत धरू नका.’

मला तेव्हा रग्बी म्हणजे हेल्मेट घालून खेळतात तो अमेरिकन खेळ वाटायचा. तुम्ही उघड्या तोंडाने, जिभेखाली कापूस असताना, मला फरक समजावून सांगायला लागलात. कापूस काढेपर्यंतही धीर धरवला नाही तुम्हाला. मग कार्डवर पत्ता बघते तर आमचीच सनद वस्ती, आमच्याच मागची गल्ली! त्या संध्याकाळी तुम्ही फीऐवजी नाही, फी देऊन वर एक संत्र्यांची पेटी घेऊन दारात उभे होतात.

त्याच हिवाळ्यात आई पहिल्यांदा व्हिजिट व्हिसावर आली. तिने तुमचे कान बघितले आणि मला आत ओढत नेऊन विचारलं, ‘त्यांच्या कानाला काय झालंय गं? कांदाभजी चिकटल्यागत दिसतंया!’ मी तुम्हाला ते शब्दशः सांगितलं, कारण मला राहवलं नाही. तुम्ही कान पुढे करून म्हणालात, ‘घे म्हणावं, गरम आहेत.’ तिथून तुमचं जमलं ते जमलं. तुम्हाला मराठी येत नव्हती, तिला इंग्रजी येत नव्हती, आणि मी दोघांच्या मध्ये बसून घसा कोरडा करत होते.

तुम्हाला पुढचं वर्षभर वाटत होतं की तिचं नावच ‘आई’ आहे. इथल्या रग्बी क्लबात पोरांना शिकवायला जायचात, तिथे सगळ्यांना सांगायचात, ‘माय फ्रेंड आई.’ मी मुद्दाम दुरुस्त केलं नाही.

तिने मात्र तुम्हाला एकदाच दुखावलं. ‘इंग्रज असून किती साधा मानूस,’ असं म्हणाली आणि मी सरळ भाषांतर करून मोकळी झाले. तुमचा चेहरा असा लाल झाला! ‘नॉट इंग्लिश! वेल्श!’ टेबलावर मूठ आपटलीत, वाटीतली आमटी सांडली. आई घाबरली. मी तिला म्हटलं, ‘अगं, कराडच्या माणसाला पुण्याचा म्हटल्यासारखं झालं ते.’ ‘अगं बया!’ म्हणाली, कानाला हात लावला, आणि तुमच्या ताटात तूप वाढलं. त्यानंतर ती चुकली नाही.

मग हळूहळू तुमची सगळी कारकीर्द आमच्या जेवणाच्या टेबलावर उलगडत गेली. खाणीतले वडील. डोंगरांमधलं अरुंद गाव, जिथे घरं पायऱ्यांसारखी आहेत. गावच्या संघातून तालुक्याला, तिथून मोठ्या क्लबात, आणि सव्विसाव्या वर्षी वेल्सच्या लाल जर्सीत. निवड झाल्याचं तुम्हाला रेडिओवरून कळलं. वडील नुसते उठले आणि तुमचे बूट पॉलिश करायला बसले. हे सांगताना तुम्ही आमच्या घराच्या दारातल्या चपलांकडे बघत होतात.

पहिल्या सामन्याच्या आधी गाणं झालं तेव्हा हजारो लोक एका सुरात गात होते आणि तुम्हाला पुढचं काही दिसेना, इतकं डोळ्यांत पाणी. ‘वेल्समध्ये आधी गातात आणि मग मारामारी करतात,’ असं तुम्ही म्हणालात. आई म्हणाली, ‘आमच्या भजनी मंडळात उलटं असतंय.’

तुम्ही प्रॉप होतात. स्क्रममध्ये दोन्हीकडचे आठ-आठ गडी डोकी खाली घालून एकमेकांना रेटतात, त्यात सगळ्यात पुढे. कानांची भजी तिथेच झालेली. टीव्हीवर स्क्रम बघून आई म्हणाली, ‘ह्यांचं काय हरवलंय खाली?’ मी म्हटलं, प्रॉप म्हणजे टेकू. तुम्ही पुस्ती जोडलीत की आयुष्यभर टेकू दिला, पण वेल्ससाठी एकदाही गुण केला नाही, आणि सगळ्या सामन्यांत मिळून चेंडू हातात होता तो एक कप चहा पिण्याइतका वेळ. पेपरात फोटोही कधी आला नाही. आई चपाती लाटत होती. मान वर न करता म्हणाली, ‘टेकूचा फटू कोन काढतंय? पन काढून बगा म्हनावं टेकू.’ तुम्ही मला ते दोनदा सांगायला लावलंत.

आणि मग तो टोप्यांचा घोळ! तो घोळ माझाच, मान्य. तुम्ही म्हणालात, ‘वेल्सने मला सात कॅप्स दिल्या.’ देशाकडून खेळलेल्या प्रत्येक सामन्याला कॅप म्हणतात हे मला आता माहीत आहे. तेव्हा एका हातात पोळीचा डबा, दुसऱ्या हातात फोन, आणि मी आईला घाईघाईत सांगून टाकलं, ‘वेल्सने त्यांना सात टोप्या घातल्या.’

आईचा हात तोंडावर गेला. ‘सात? अगं बया! एक न्हाई, दोन न्हाई, सात डाव फसवलं? आन ह्यो गप बसला?’

मला वाटलं ती गंमत करतेय. पुढे आठवडाभर ती तुम्हाला इतकं का वाढत होती हे मला कळेना. ‘खावा, खावा, तुमचं लई वाईट झालं,’ म्हणायची. तुम्ही मला विचारायचात, ‘आज पण कुणी वारलंय का?’ तिने कराडला फोन करून सगळ्या गल्लीला सांगितलं की लेकीच्या, मेधाच्या शेजारी एक सरळमार्गी म्हातारा राहतोय, त्याला त्याच्याच सरकारनं सातदा टोपी घातली. मला तिने एकदा हळूच विचारलं, ‘पोलिसात न्हाई गेला का त्यो?’ तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही इतके हसलात की पुढचे दात निघून आमटीत पडले. मग घरी गेलात आणि ती टोपी घेऊन आलात. लाल मखमलीची, सोनेरी गोंड्याची. आईने पदराला हात पुसून ती हातात घेतली, उलटीसुलटी बघितली. ‘बरी हाय. बाकीच्या सहा?’

‘बाकीच्या नसतात,’ तुम्ही म्हणालात. ‘पहिल्या सामन्याला एक देतात. पुढच्या फक्त मोजायच्या.’

आईने माझ्याकडे विजयाने बघितलं. ‘मग मी काय म्हनत हुते? सहा घातल्याच की!’

क्लबात इतकी वर्षं तुम्ही सगळ्यांना नियम शिकवलेत, पण हा मुद्दा कुणाच्या लक्षात आला नव्हता म्हणालात.

सात झाल्यावर पुढे काय झालं, हे मात्र तुम्ही फार दिवस सांगितलं नाहीत. ते सांगितलंत मटार सोलताना. आमच्या अंगणात हिवाळ्याचं ऊन होतं, आई आणि तुम्ही परात मध्ये घेऊन बसला होतात आणि तुमच्या त्या जाड बोटांतून मटार दर वेळी उडून सईच्या अंगावर जात होते.

आठव्या सामन्याचा संघ जाहीर व्हायचा होता. तेव्हा रग्बीचे पैसे मिळत नसत, तुम्ही पोलादाच्या कारखान्यात नोकरीला होतात. सकाळच्या पाळीला गेलात. कँटीनमध्ये एकजण पेपर वाचत होता, तुम्हाला बघून त्याने तो घडी घालून बुडाखाली सरकवला. दुसऱ्याने तुमच्यासाठी चहा आणून ठेवला. तो माणूस कधी स्वतःच्या बापालाही चहा आणून देत नसे! त्या चहावरून तुम्हाला कळलं की तुम्हाला काढलंय. निवड करणाऱ्यांपैकी एक तर तुमच्याच खोऱ्यातला. पुढच्या रविवारी प्रार्थनेनंतर तो तुमचा हात हातात घेऊन पावसाविषयी बोलत राहिला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला काय बोलणार?

‘काढल्याचं मला वाईट वाटलं नाही,’ तुम्ही म्हणालात. ‘कधीतरी काढतातच. पण एकाने तरी तोंडावर सांगायला हवं होतं. मी त्याला घरात घेऊन चहा पाजला असता.’ आणि तरी पुढे गुडघा जाईपर्यंत दर शनिवारी तुम्ही बूट पॉलिश करून ठेवत होतात, न जाणो, कुणी बोलावलं तर.

मी हे सगळं आईला सांगितलं. तिने मटाराची शेंग परातीत टाकली आणि म्हणाली, ‘मुडदा बशिवला त्यांचा!’

‘काय म्हणाली?’ तुम्ही विचारलंत.

‘म्हणाली, ती माणसं चांगली नव्हती.’

‘ऐकायला याहून बरंच चांगलं वाटलं,’ तुम्ही म्हणालात.

पुढच्या हिवाळ्यात आई आली ती पेटीत एक गोष्ट लपवून. विमानतळावरून येतानाच तिने नितीनला मनाम्याच्या दुकानातून नारळ घ्यायला लावला. दुसऱ्या दिवशी तुम्हाला जेवायला बोलावलं. पाटावर बसायचं म्हणाली, पण तुमच्या गुडघ्याने नकार दिला, म्हणून खुर्चीपुढे पाट ठेवून त्यावर तुमचे पाय ठेवले. कुंकू लावलं, हातात नारळ दिला, खांद्यावर कोरा टॉवेल टाकला. आमच्याकडे मानाच्या माणसाला टॉवेल-टोपी देतात, हे मी तुमच्या कानात सांगत होते. मग तिने ती पांढरी, कडक इस्त्रीची टोपी काढली आणि दोन्ही हातांनी तुमच्या डोक्यावर नीट बसवली.

‘वेल्सवाल्यांनी न्हाई दिली तर न्हाई,’ आई म्हणाली. ‘ही आठवी. कराडची.’

मला भाषांतर करता आलं नाही, अमरीशराव. पण तुम्हाला ‘आठवी’ कळलं होतं. सईला बोटांवर आकडे मोजताना ऐकून तुम्ही दहापर्यंत शिकला होतात. तुम्ही उठलात आणि नितीन करतो तसे आईच्या पाया पडायला वाकलात. वाकलात ते वाकलात, उठता येईना! शेवटी नितीन एका काखेत, मी दुसऱ्या काखेत, सई मागून ढकलतेय, आणि तुम्ही खालूनच ओरडताय, ‘रेटा! एकत्र रेटा!’ आमच्या घरातला पहिला आणि शेवटचा स्क्रम तो.

शुक्रवारी तुम्ही ती टोपी घालून मैदानावर गेलात. तिथल्या पोरांनी तुमची टोपी उडवायचा प्रयत्न केला, दोन्ही अर्थांनी, आणि दोन्ही वेळा तुम्ही त्यांना पळायला लावलंत. क्लबच्या सेक्रेटरीने पाहुण्यांशी ओळख करून देताना म्हटलं, ‘सात कॅप्स.’ तुम्ही सगळ्यांसमोर दुरुस्त केलंत, ‘आठ. सात वेल्स, एक कराड.’ त्या बिचाऱ्याने नंतर मोबाइलवर कराड नावाचा देश शोधला म्हणे.

मग गेल्या महिन्यात छातीत कळ आली आणि तुम्ही स्वतः गाडी चालवत हॉस्पिटलला गेलात. त्याबद्दल मी तुमच्याशी खूप भांडणार होते. मी भेटायला आले तेव्हा तुम्ही नर्सला स्क्रम समजावून सांगत होतात, उशा मांडून. मला इथल्या अरबी थाटात म्हणालात, ‘खलास, शुक्रवारपर्यंत मी घरी. आईला फोनवर काही सांगू नकोस, घाबरेल. मीच सांगेन, इंशाल्ला.’

मी विश्वास ठेवला! पहाटे झोपेतच गेलात. सांगेन म्हणालात ते काम माझ्या गळ्यात टाकून.

तुमचा पुतण्या भला माणूस आहे. तुमचं घर आवरताना त्याला कपाटात लाल टोपीच्या शेजारी ही पांढरी सापडली. ‘ही हॉस्पिटलची आहे का?’ त्याने विचारलं. मी त्याला तुमच्याच सोफ्यावर बसवून सगळं सांगितलं, पहिल्या भज्यापासून. तो हसला, मग बराच वेळ नाक पुसत बसला. लाल टोपी गावच्या क्लबासाठी बॅगेत ठेवली. पांढरी म्हणाला, काकांबरोबर जाईल. मी स्वतः बघितलं, ती तुमच्याबरोबर गेली. हेही आईला सांगता आलेलं नाही.

तिला ब्लडप्रेशर आहे, हे कारण मी सगळ्यांना देते. ते खोटं नाही. पण खरं कारण सांगू? मला ते वाक्य तोंडातून काढवत नाही. ‘वेल्सला गेलेत’ म्हटलं की तुम्ही कुठेतरी असता. पुढच्या आठवड्यात परत येऊन संत्र्यांची पेटी दारात ठेवाल असं वाटतं.

आणि आता हे सगळं लिहिताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि मी चांगलीच वरमले. मी काय करतेय? आईने विचारलं की विषय बदलते, सईचे मार्क सांगते, इथल्या हवेविषयी बोलते. पेपर बुडाखाली सरकवणारा तो माणूस आणि मी, काय फरक राहिला? चक्क स्वतःच्या आईला टोपी घालतेय! आणि तीही तुमच्या नावाने.

नाही, हे नाही चालणार. फोन वाजला की सांगते. फोन कशाला वाजायला हवा? मीच लावते. थांबा.

झालं. सांगितलं. आता चहा घेऊन पुढचं लिहायला बसलेय.

तिने व्हिडिओवर नेहमीसारखं फक्त कपाळ दाखवलं. ‘चकल्या पोचल्या का गं अमरीशरावास्नी? का अजून तिकडंच हायती?’

मी म्हटलं, ‘आई, कॅमेरा नीट धर. मला तुझा चेहरा दिसू दे.’ धरला. मग सांगितलं, ‘अमरीशराव वारले, आई. मागच्या महिन्यात. मी तुला खोटं सांगितलं.’

मागे तिचा पंखा खडखडत होता.

‘लई तरास झाला का?’

‘नाही. झोपेत गेले.’

‘एकलंच हुतं?’

‘नर्स होती. आदल्या संध्याकाळी मी होते.’

‘बरं,’ आई म्हणाली. ‘ठेव फोन. मला आंघूळ करायची हाय.’

मी बघतच राहिले. आई सूर्य उगवायच्या आत आंघोळ करते, हे तुम्हालाही माहीत आहे. तुम्ही पहाटे फिरायला निघायचात तेव्हा आमच्या न्हाणीघरातला तिच्या बांगड्यांचा आवाज तुम्हाला गल्लीत ऐकू यायचा. मग भर दुपारी आंघोळ कसली? रागावली असेल, म्हणून फोन ठेवत असेल असं मला वाटलं.

आणि मग कळलं. अमरीशराव, तुम्हाला ही आमची रीत कुणी सांगितली नसेल. लांबच्या गावी आपलं माणूस गेलं आणि ते उशिरा कळलं, तर कळल्याबरोबर, असेल त्या वेळी, डोक्यावरून आंघोळ करतात. शेजाऱ्यासाठी करत नाहीत. मित्र कितीही जिवाभावाचा असला तरी त्याच्यासाठी करत नाहीत. ती फक्त नात्यातल्यांसाठी असते. मी तिथेच स्वयंपाकघरात खाली बसले आणि पोटभर रडले. नितीन धावत आला, त्याला वाटलं आईलाच काही झालं.

तासाभराने तिचाच फोन आला. केस ओले, डोक्याला पंचा.

‘तुझ्यावर मी लई रागावलीया,’ म्हणाली. ‘त्ये मागनं. आदी ऐक. मी तीन दिस देवाला हात लावत न्हाई. सुतक झालं की तू तितं त्यांच्या खेळातल्या पोरांस्नी बोलव आन गोडाचं जेवू घाल. चकल्या बी त्यांस्नीच दे, मऊ पडतील.’

‘बोलावते. आई, पण एम्रिसना...’

‘आन हे एम्रिस-एम्रिस काय लावलंयस?’ आईने मला मध्येच तोडलं. ‘मोठं मानूस. आईच्या भावाला कुनी नावानं हाक मारतं व्हय?’

तेव्हा मामा, तुम्हाला शब्द देते. पुढच्या शुक्रवारी सराव संपला की तुमची सगळी टीम, राखीव खेळाडूंसकट, सनदला जेवायला येईल. पुरण मी शिजवीन, नितीन वाटेल, सई वाढेल. पहिलं पान तुमचं काढून ठेवीन. आणि यापुढे घरातलं बरं-वाईट जे असेल ते ज्याचं त्याला आधी सांगेन, समोर बसून, नजरेला नजर देऊन. आई थंडीत येणार आहे. तिला मैदानावर घेऊन जाईन, खुर्ची मधोमध मांडीन, आणि ती जे काही ओरडेल ते पोरांना जसंच्या तसं सांगेन, सौम्य न करता.

तुमची भाची,
मेधा